डोक्यावरची काच

घराला छप्पर असावे आणि छपराला भोक नसावे, ही गोष्ट समजायला माणसाला फार शिकावे लागत नाही. आमच्या लहानपणी मृग लागायच्या आधी पंधरा दिवस जो तो शिडी लावून आपापल्या घरावर चढलेला दिसे, तो या भोकांच्याच शोधात. पण गंमत अशी की, भर उन्हात घामाघूम होऊन ज्याने घराची सगळी भोके बुजवली, तोच गृहस्थ माजघरावरचे एक चांगले कौल उचकटून तिथे मुद्दाम काचेचे कौल बसवीत असे! धाब्याच्या घरांतून माळवदाला साणे ठेवीत, तेही धूर जायला म्हणूनच; पण त्यातून दुपारी उन्हाचा कवडसा खाली उतरला की घरातले रांगते मूल तो मुठीत धरायला धावे. छपराखाली राहायचे, आणि वर आकाशाचा वीतभर तुकडाही आपल्या मालकीचा ठेवायचा, असा हा माणसाचा दुहेरी लोभ आहे.

तेव्हा अमेरिकेत आमच्या चिरंजीवांच्या गाडीच्या टपाला काच बसवलेली पाहून मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते गाडीचेच.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याचा फोन आला, "बाबा, ट्रक घेतला." मी म्हटले, "छान!" आणि फोन सौभाग्यवतींच्या हाती दिला. तिने तो ऐकून खाली ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "अहो, नोकरी गेली की काय त्याची?" तिच्या डोळ्यांसमोर लिंबू-मिरची टांगलेला, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला, कांद्याची पोती लादलेला दहाचाकी ट्रक उभा राहिला होता आणि सुकाणूवर आमचा संगणक-अभियंता मुलगा, गळ्यात रुमाल बांधून! पुढे फोटो आला तेव्हा जीव भांड्यात पडला. ट्रक म्हणजे पुढे पाच माणसांची ऐसपैस मोटार आणि मागे उघडा हौदा. आपल्याकडे याला टेंपो म्हणतील आणि त्यातून बिऱ्हाड हलवतील. तिकडे वाहनांच्या खपाच्या यादीत वर्षानुवर्षे वरच्या जागा हेच टेंपो पटकावून बसले आहेत. शेतकरी घेतो, सुतार घेतो आणि ज्याला आयुष्यात लाकडाची फळीसुद्धा वाहायची नाही तो कचेरीतला माणूसही घेतो. आमच्या मुक्कामाच्या तीन महिन्यांत त्या हौद्यातून एक कोच, चार मातीची पोती आणि आमच्या बॅगा एवढाच माल वाहिला गेला. पण तो विषय काढायचा नाही, असे सूनबाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी हळूच सांगून ठेवले होते.

मुलगा राहतो डेन्व्हरजवळ. हे शहर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंच आहे. आपल्या महाबळेश्वराहून चांगले वर. हवा विरळ, ऊन टोचणारे, आणि आकाश इतके निळे की, पुण्याहून गेलेल्या माणसाला ते कोणी नुकतेच धुऊन वाळत घातले आहे असे वाटावे. त्या ट्रकच्या टपातून या आकाशाचा चौकोनी तुकडा दिसे. काच होती पुढच्या दोन आसनांच्या वर. पण मागे आपल्या उंच खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेला आमचा सहा वर्षांचा नातू मान तिरकी करून तिच्यातून ढग पाही आणि त्यांना नावे ठेवी. हत्ती, बोट, डायनोसॉर अशी नेहमीची नावे झाली की मग, "आजी, ती बघ तुझी पोळी!" पोळी बहुधा गोल नसे. सौभाग्यवती त्यावर काही बोलत नसे.

जूनमधली गोष्ट. कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावाबाहेर तांबड्या खडकांचे उभे सुळके आहेत. 'गार्डन ऑफ द गॉड्स', म्हणजे देवांची बाग, म्हणतात त्याला. ती बाग पाहून आम्ही परत निघालो होतो. सूनबाई कामावर होत्या. मुलगा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागे आजी आणि नातू. पंचवीस नंबरचा हमरस्ता, गाडीचा वेग ताशी पाऊणशे मैल. डोक्यावरचा पडदा उघडा होता, कारण मागून ढगांची नामावळी चालू होती. आणि एकाएकी बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला.

पुढचे दोन क्षण काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. वारा आत घुसला आणि त्याबरोबर कसली तरी खडीसाखर माझ्या डोक्यावर, मांडीवर, सदऱ्यात कोसळली. "अहो!" एवढा एकच शब्द मागून ऐकू आला. चिरंजीवांनी मात्र कमाल केली. त्याने ब्रेक दाबला नाही, सुकाणू झटकले नाही. दोन्ही हात घट्ट ठेवून हळूहळू गाडी कडेला घेतली आणि थांबवली. वर पाहतो तो काच नव्हतीच. चौकटीला कडेकडेने थोडे दात उरले होते. बाकीची काही रस्त्यावर उडाली होती, काही माझ्या अंगावर होती. लागले म्हणावे तर काहीच नाही. टकलावर एक बारीकसा ओरखडा आणि त्यातून रक्ताची एक रेघ कपाळापर्यंत आलेली. आरशात पाहीपर्यंत मला तिचा पत्ताही नव्हता.

पण नातवाला होता. त्याने आजोबांच्या डोक्यावर काहीतरी फुटलेले ऐकले, आजोबांच्या अंगाखांद्यावर चकाकणारे तुकडे पाहिले आणि डोक्यावरचे रक्त पाहिले. सहा वर्षांच्या डोक्याने या सगळ्याची बेरीज केली आणि तो किंचाळला, "आजोबा फुटले!"

आम्ही तिघेही हसलो. ते हसू भीती उतरल्याचे होते. मुलगा मात्र हसला नाही. घरी पोहोचेपर्यंत तो मागून हात लांबवून माझ्या खांद्याला धरून बसला होता.

त्या दिवसापासून त्याने ट्रकमध्ये पाऊल टाकले नाही. त्याहून चमत्कारिक म्हणजे, त्याने मलाही टाकू दिले नाही. मी ट्रककडे नुसता गेलो तरी धावत येऊन माझे बोट धरून मागे ओढी. रोज सकाळी उठला की आधी माझ्या डोक्याची तपासणी, ओरखडा बुजला तरी तो तिथे बोट फिरवून पाही आणि विचारी, "इथे क्रॅक आहे?" रात्री वरचा पंखा लावू देईना. सूनबाईंची छोटी गाडी होती, तिला टपाची काच नव्हती, तिच्यातून तो शाळेच्या शिबिराला जाई. पण तिच्यातही आधी वर पाहून घेई. पोर भित्रे नव्हते हो! झाडावर चढणारे, पाण्यात उडी मारणारे पोर. ते आता छपराकडे बघत चालू लागले होते.

सूनबाईंचे मत पहिल्याच रात्री ठरले : ट्रक विकायचा. "एकदा फुटली ती काच पुन्हा फुटेल. तेव्हा बाबांच्या डोळ्यात गेली असती तर?" हा युक्तिवाद मला तरी निरुत्तर करणारा वाटला. चिरंजीव म्हणाले, पुढच्या ट्रकच्या चाकातून दगड उडाला असणार, हा निव्वळ योगायोग. पण दगड कुणी पाहिला नव्हता, गाडीत सापडलाही नव्हता. दोघेही माझ्याकडे पाहू लागले. याला कारण, मी शाळेत चौतीस वर्षे शास्त्र शिकवले. आणि दुसरे कारण, काच हा आमचा घराण्याचा विषय आहे.

माझे वडील ओगलेवाडीला होते. कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन ज्या गावात आहे तीच ही ओगलेवाडी. १९१६ साली ओगले बंधूंनी काढलेल्या काचेच्या कारखान्याने तिला नाव दिले, आणि तिने महाराष्ट्राच्या घराघरांत प्रभाकर कंदील दिला. त्याच्या आधी, १९०८ साली, तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजीपंत काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून तो फंड उभा केला, लोकमान्यांनी त्यामागे आपले वजन टाकले, आणि काच करणे हे आपल्या लोकांनाही जमते हे तिथे सिद्ध झाले. आज कंदील गेले, ओगलेवाडीची ती भट्टीही थंडावली. पण आमच्या वडिलांचे सारे आयुष्य त्या भट्टीच्या धगीत गेले होते. त्यांचे काम कंदिलाच्या काचा निववण्याचे. फुंकून तयार झालेली लालभडक काच उघड्यावर ठेवली तर बाहेरून गार होते, आतून गरम राहते आणि त्या ओढाताणीत आज ना उद्या तडकते. म्हणून ती वेगळ्या भट्टीत हलके हलके निववायची. "घाईने निवलेली काच दगा देते," असे ते म्हणत. आमच्या घरी पाहुणा रुसला की त्यालाही हेच लागू करीत.

आता गंमत पाहा. मोटारीच्या टपाची काच मुद्दाम घाईने निववलेली असते! सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा पृष्ठभाग चटकन घट्ट होतो, आतला भाग मागाहून आकसू पाहतो. पण बाहेरचा त्याला आकसू देत नाही. मग बाहेरची कातडी जन्मभर दाबलेली आणि आतला गाभा जन्मभर ताणलेला, अशा स्थितीत ती काच संसार करते. या ताणामुळेच ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट मजबूत असते. पण जखम त्या ताणलेल्या गाभ्यापर्यंत गेली की तिथे थांबत नाही. एका निमिषात सगळ्या काचेचे खडे होतात. सतराव्या शतकात प्रिन्स रूपर्टने इंग्लंडात काचेचे असले थेंब आणले होते. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकून केलेले. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी फुटत नाही, आणि बारीक शेपटी नुसती मोडली की अख्ख्या थेंबाची भुकटी होते. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६१ साली ते रॉयल सोसायटीच्या पंडितांपुढे ठेवले आणि पंडितांनी बरीच डोकी खाजवली.

आणि दगड न लागताही ती फुटू शकते, हे मला सूनबाईंच्या बाजूने कबूल करावे लागले. काच वितळताना तिच्यात निकेल आणि गंधक यांचा एखादा सूक्ष्म कण राहून जातो. झटपट निवल्यामुळे तो आपल्या उष्ण अवस्थेतच अडकतो आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, हळूहळू फुगत राहतो. एके दिवशी, कुणी हातही न लावता, काच स्फोट होऊन फुटते. मेलबर्नच्या एका उंच इमारतीच्या काचा अशा आपोआप फुटू लागल्या, तेव्हा १९६१ साली बॅलंटाइन नावाच्या शास्त्रज्ञाने हा चोर पकडला. आमच्या काचेचे काय झाले, दगड की कण, हे कोण सांगणार? पुरावा पंचवीस नंबरच्या रस्त्यावर दोन मैल पसरला होता.

"मग समोरची काच अशी का नाही फुटत?" सौभाग्यवतींनी विचारले. ती वेगळी. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घालून ती चिकटवलेली असते. तडकली तरी जागेवर राहते. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच गृहस्थाच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत वाळलेल्या द्रावाचा पापुद्रा होता. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली आणि १९०९ साली त्याने पेटंट घेतले. अमेरिकेतल्या कायद्याने समोरची काच अशी जोडकाचच हवी. टपाची काच मात्र दोन्हींपैकी कुठलीही चालते. कारखानदार सहसा कुठली निवडत असेल हे मध्यमवर्गीय वाचकांना सांगायला नको.

दरम्यान टपाला चांगले दोन हात लांबीचे भोक होते आणि तिकडे उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास डोंगरावरून ढग उतरून गडगडाटी सर येते, कधी गारांसकट. चिरंजीवांनी जाड प्लास्टिक आणून चिकटपट्ट्यांनी चारी बाजूंनी ठोकले. पावसाळ्यात आपल्याकडे पत्र्यावर निळे ताडपत्र घालतात तशी त्या दिमाखदार वाहनाची अवस्था झाली. चालवताना ते प्लास्टिक असे फडफडे की, कचेरीत पोहोचेपर्यंत त्याच्या कानात नगारा वाजत राही.

गाडी विकणाऱ्यांच्या अधिकृत दुकानात त्याने भाव विचारला. काच आणि मजुरी धरून सोळाशे डॉलर. विमा होता, पण विम्यातले पहिले एक हजार डॉलर आपण सोसायचे असा करार. आणि उरलेल्या सहाशेंसाठी दावा केला तर पुढच्या वर्षीचा हप्ता वाढेल की काय, ही धास्ती वेगळीच. त्या आठवड्यात त्याच्या कचेरीत माणसे कमी करण्याची कुजबुज चालू होती, हे मला सूनबाईंकडून कळले. तो स्वतः बोलला नाही. जेवताना फक्त म्हणाला, "बाबा, शनिवारी माझ्याबरोबर भंगारात याल?"

मी त्याला शाळेत असताना एकदाही सायकलचे पंक्चर काढू दिले नव्हते. कोपऱ्यावरचा दुकानदार ते काढी आणि आमचा मुलगा तेवढ्या वेळात गणिते सोडवी. आमच्या पेठेत त्या काळी मुलगे असेच वाढत. हातांनी काम करणारा आमच्या घरातला शेवटचा माणूस ओगलेवाडीच्या भट्टीवर होता. म्हणून हे आमंत्रण मला जरा निराळेच वाटले. मी लगेच हो म्हटले.

पुण्याचा जुना बाजार ज्याने पाहिला आहे त्याला तिकडचे मोटारींचे भंगारखाते परके वाटणार नाही. फक्त पसारा दहा पटींनी मोठा. दारात दोन डॉलर द्यायचे, आपली हत्यारे आपण न्यायची, हवा तो भाग स्वतः सोडवून काढायचा आणि जाताना ठरलेल्या दराने पैसे मोजायचे. घासाघीस नाही, हीच काय ती उणीव. आत रांगाच रांगा. चाके काढून घेतलेल्या गाड्या लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेल्या. कुणाचे दार गेलेले, कुणाचा दिवा, कुणाचे इंजिन. जागोजागी माणसे अर्धी आत, अर्धी बाहेर. मेक्सिकन मिस्त्री, कॉलेजातली पोरे, बापाबरोबर आलेल्या दोन मुली. कोणी कोणाचा पाना मागून घेत होते. एका म्हाताऱ्याने आम्हाला विचारले, काय शोधता? मुलाने सांगितले. त्याने हातानेच दाखवले : चौथी रांग, पांढरा.

पांढरा ट्रक समोरून पार चेपला होता. टप मात्र शाबूत आणि काच धूळ खात, पण अखंड. तीच कंपनी, तेच वर्ष. आतला पडदा मागे सरकवला की बाजूला प्लास्टिकच्या दोन पट्ट्या असतात. त्या अलगद काढल्यावर दोन्हीकडे दोन-दोन असे चार स्क्रू दिसतात. त्यांची तोंडे चांदणीच्या आकाराची. साधा पेचकस तिथे चालत नाही. चिरंजीव आतून स्क्रू सोडवत होते आणि मी बाहेर हौद्यात उभा राहून काच धरली होती. आत चालकाच्या बाजूला दाराच्या खणात एक कागद होता; कुणाची तरी सामानाची यादी. दूध, अंडी, मेणबत्त्या. तो त्याने वाचला, घडी केली आणि होता तिथे ठेवून दिला. "बाबा, वर घ्या." काच सुटली. पंच्याऐंशी डॉलर पडले. येताना ती मी जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर धरून आणली. बाळंतिणीला घरी आणताना बाळ धरतात तशी.

रविवारी सकाळी घरासमोर शस्त्रक्रिया. नव्या काचेपेक्षा जुन्या काचेचेच काम अधिक. तिचे खडे कुठे कुठे गेले होते म्हणून सांगू! आसनांच्या शिवणींत, पट्ट्याच्या कुलपात, आणि मुख्य म्हणजे काच ज्या रुळांवर सरकते त्या रुळांत. तिथे एक खडा जरी राहिला तरी पुढे मोटर अडते. तासभर झाडूयंत्राचे तोंड फिरवूनही, उजेडात मान वाकडी करून पाहिले की कुठेतरी लुकलुकतेच. हे खडे नातवाला दाखवायचे म्हणून मी एका बरणीत भरीत होतो. तो पायरीवर लांब बसून पाहत होता. जवळ येत नव्हता.

या कामात मला एक गोष्ट नव्याने कळली आणि ती मला फार आवडली. मी समजत होतो की टपाची ही खिडकी पाणबंद असते. मुळीच नसते! तिच्या रबरी कडेतून थोडे पाणी आत येणार, हे करणाऱ्याने धरलेलेच असते. म्हणून चौकटीभोवती एक पन्हळ आणि चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात. त्या खांबांच्या आतून उतरून पाणी गाडीच्या खाली सोडतात. आपल्या वाड्यांच्या पन्हळींचेच हे मोटारीतले रूप. पुष्कळांच्या गाड्या गळतात त्या काचेमुळे नव्हे, या नळ्या तुंबल्यामुळे. आमच्या नळ्यांत पाने, माती आणि अर्थातच काच होती. जोराची हवा मारली तर नळी सांध्यातून निसटते. म्हणून गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूहळू आत सारून चिरंजीवांनी त्या एकेक मोकळ्या केल्या. बागकामाचा उपयोग मी प्रथमच पाहिला.

मग काच बसवली, स्क्रू अर्धवट आवळले आणि तिची पातळी लावण्याचा सोहळा सुरू झाला. पुढची कड टपापेक्षा केसभर खाली आणि मागची केसभर वर हवी, नाहीतर वारा शीळ घालतो. "बाबा, बोट फिरवून सांगा." मी बोट फिरवून सांगत होतो : वर, जरा खाली, अं हं, थोडे वर. कंदिलाच्या काचेची कड वडील असेच डोळे मिटून बोटाने पाहत. ते मी त्याला सांगितले. त्याला हे ठाऊक नव्हते. स्क्रू आवळता आवळता तो एकेक विचारत गेला : भट्टी केवढी होती, फुंकणारे लोक कोण होते, आजोबांचे हात भाजत का. सूनबाई चहा घेऊन आल्या तेव्हा काम संपून अर्धा तास झाला होता आणि आम्ही दोघे ट्रकमध्ये बसून ओगलेवाडीत होतो.

खरी परीक्षा पुढे होती. नातू पायरीवरून उठून दहा पावलांवर आला आणि मला म्हणाला, "आता परत नाही ना फुटणार?"

आजीने डोळ्यांनी मला सांगितले, नाही म्हणा. चौतीस वर्षे मुलांना शास्त्र शिकवलेल्या माणसाला ते जमेना. मी बरणी उघडली आणि मूठभर खडे हातावर घेऊन मूठ मिटली, उघडली. "हे बघ. फुटू शकते. पण ही काच फुटताना आपल्याला लागू नये म्हणूनच अशी केलेली आहे. सुरी होत नाही तिची, खडीसाखर होते. आजोबा फुटले का?" त्याने माझ्या तळहाताकडे पाहिले, मग टकलाकडे. बराच वेळ विचार करून म्हणाला, "थोडेसे." मी म्हटले, "थोडेसे. ते भरून आले." शेवटी बरणी त्याने आपल्याकडे घेतली.

पाण्याची चाचणी त्याच्याकडे सोपवली. तो शिडीवर, बाप त्याला धरून; हातात तांब्या. मी आत बसणार म्हटल्यावर ओठ थरथरले, पण तांब्या सोडला नाही. आधी कडेने धार धरली, मग हळूहळू सबंध तांब्या ओतला. आत एक थेंब आला नाही. आणि मग पुढच्या चाकाजवळून पाणी टपटप गळू लागले, तसा तो शिडीवरून उतरून धावला. "आजोबा, इकडून निघालं! आता तिकडून!" सात तांबे ओतले. चारी कोपऱ्यांचा हिशेब लागल्याशिवाय त्याने कुणाला उठू दिले नाही. सूनबाई खिडकीतून पाहत होत्या. ट्रक विकायचे त्यांनी मागे घेतले नाही. एवढेच म्हणाल्या, पोर गाडीत असेल तेव्हा वरचा पडदा बंद. ते आम्ही सर्वानुमते मंजूर केले. ढगांच्या नावांना मात्र त्यामुळे मोठीच खीळ बसली.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीर संपली. इंडियन दुकान सहा मैलांवर. चिरंजीव ट्रकची किल्ली घेऊन निघाले आणि मी त्यांच्यामागे. दाराशी नातू उभा. हातात त्याच्या बापाचे सायकलचे लाल शिरस्त्राण. ते त्याने मला घालायला लावले, हनुवटीखालचा पट्टा स्वतः आवळला, वरून दोन टिचक्या मारून पाहिल्या, आणि मगच ट्रकचे मागचे दार उघडून आपल्या खुर्चीत चढून बसला. दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना एका गुजराती बाईंनी माझ्याकडे दोनदा पाहिले आणि अखेर न राहवून विचारले, "काका, तुम्ही सायकलवर आलात?"

"नाही," नातू म्हणाला, "ट्रकमधून."